अठरा दिवसांचा जत्था काढताय? आधी झोपेचं ठरवा

विचारणारे मुंबईतले बारा जण आहेत, बहुतेक गिरणी कामगारांच्याच घरातली पोरंपोरी. टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन १८ दिवस कोकणात आणि घाटावर फिरणार, गिरणी कामगारांना मुंबईत घरं मिळावीत या मागणीसाठी. रोज चार सभा ठरवल्यात, आणि विचारतायत की एवढ्या दगदगीत टिकायचं कसं.

पहिलं सांगते, रोज चार सभा करू नका. दोन करा, फार तर तिसरी कुणाच्या तरी पडवीत बसून, बिनमाईकची. चार सभांचं वेळापत्रक मुंबईत बसून मॅप बघून केलेलं असतं आणि मॅपला हे माहीत नसतं की मुंबई-गोवा हायवेचं २०११ पासून चाललेलं काम नेमकं आज कुठे अडवणार आहे, की समाजमंदिराची चावी ज्याच्याकडे आहे तो शेतावर गेलाय, की सभा संपल्यावर सहा म्हातारे तुमचा हात धरून आपापले कागद दाखवत बसणार आहेत, आणि तुम्ही ज्याच्यासाठी गेलात ते काम तेच आहे, भाषण नव्हे.

मी काळाचौकीची. वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते. गेल्या वीसेक वर्षांत असे सहा जत्थे केले, चार गाडीने आणि दोन पायी, सगळ्यात मोठा २३ दिवसांचा. त्यामुळे खाली जे लिहितेय ते वाचून नाही, अंगावर काढून लिहितेय.

थकव्याने नुकसान काय होतं ते आधी सांगते, कारण तरुण पोरांना वाटतं थकवा म्हणजे अंग दुखणं, सहन केलं की झालं. जावळी तालुक्यातली गोष्ट आहे, आमचा अकरावा दिवस. त्या दिवसातली चौथी सभा, सातला पोहोचायचं ते नऊ वाजून गेले, दहानंतर माईक लावता येत नाही म्हणून घाईघाईत सगळं उरकलं. मी माईकची वायर गुंडाळत होते तेव्हा एक आजी आली, हातात बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा. डब्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फडकं, फडक्यात नवऱ्याचा गिरणीतला लाल पास. तेलकट झालेला, एक कोपरा उंदराने कुरतडलेला, तिकीट नंबरचे, म्हणजे गिरणीतल्या कामगार नंबरचे, शेवटचे दोन आकडे गेलेले. खाली ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड होतं बहुतेक, पण मी बघितलंच नाही. मी म्हटलं, आजी, सकाळी बघते हं, आणि ती बरं बाय म्हणून डबा बंद करून गेली. सकाळी साडेपाचला आमची गाडी निघाली. दोन दिवसांनी कराडला मला एकदम आठवलं आणि पोटात खड्डा पडला, कारण तिचं नाव कुणीच लिहून घेतलं नव्हतं. बारा माणसं गाडीत, आणि एकालाही तिचं नाव माहीत नाही.

तीन आठवड्यांनी मी परत गेले तर ती लेकीकडे पनवेलला गेलेली. शेवटी लालबागला त्या गावच्या माणसांची सामाईक खोली आहे तिथून पत्ता लागला, ईएसआयच्या कार्डावरून नंबर जुळवला आणि घराचा अर्ज भरला. पण ती रात्र मी विसरलेले नाही. मी वाईट वागले नव्हते, मी फक्त दमलेले होते. दमलेला कार्यकर्ता ज्याच्यासाठी घर सोडून आलाय त्यालाच उद्या ये म्हणतो. म्हणून मी झोपेला राजकीय काम म्हणते आणि नवीन पोरांशी त्यावरून भांडते.

तर झोपेचं ठरवा. रोज सहा तास सलग, रात्री साडेअकराच्या आत आडवं व्हायचं, सकाळी साडेसहाच्या आधी गाडी हलवायची नाही. मुक्काम शाळेच्या वर्गात, देवळाच्या सभामंडपात, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये असतो, खाली फरशी थंडगार, डास, पहाटे काकडआरती नाहीतर कोंबडा, त्यामुळे सहा तास ठरवले तर साडेचार मिळतात हे धरून चाला. प्रत्येकाची स्वतःची सतरंजी आणि चादर, बारा जणांत चार मच्छरदाण्या तरी. सातव्या आणि तेराव्या दिवशी पूर्ण सुट्टी. सुट्टी म्हणजे सभा नाही, पत्रकार परिषद नाही, मिटिंग नाही, स्थानिक पुढाऱ्याकडे चहाला जाणं पण नाही. कपडे धुवा, घरी फोन करा, झोपा. पहिली सुट्टी कुडाळला, दुसरी कोल्हापूरला टाकलीत तर रूटही बसेल. लोक म्हणतील दोन दिवस फुकट गेले. नाही गेले.

आता ड्रायव्हर. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि प्रत्येक जत्था इथेच माती खातो. आमच्या दुसऱ्या जत्थ्यात सावंतवाडीची सभा संपवून रात्री अकराला आंबोली घाट चढायला घेतला, कारण सकाळी नऊला आजऱ्यात सभा होती. गाडीत सगळे आडवे. पुढच्या सीटवर माझी मैत्रीण, तिला एकदम गाडी कठड्याकडे सरकतेय असं वाटलं आणि ती किंचाळली, तेवढ्यात डाव्या बाजूचा आरसा कठड्याला घासत गेला, खर्रकन. गाडी थांबली. आमचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून एवढंच म्हणाला, ताई, डोळा लागला. मग कळलं की तीन रात्री तो गाडीतच झोपत होता, काचा बंद केल्या तर उकडतंय आणि उघडल्या तर डास. आम्ही मुक्कामाला सगळ्यांच्या सतरंज्या मोजल्या होत्या, त्याची मोजलीच नव्हती. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ चा आहे, दिवसाला आठ तास काम. आम्ही कामगारांच्या हक्काचे पोस्टर गाडीला लावून त्याच गाडीवरच्या कामगाराला सोळा-सोळा तास चालवत होतो. मला त्याची आजही लाज वाटते.

त्यानंतर आमचे नियम ठरले ते तसेच घ्या. संध्याकाळी सातनंतर घाट नाही, मग तो आंबोली असो, आंबा असो, कुंभार्ली असो. बजेटमध्ये बसत असेल तर दोन ड्रायव्हर, नसेल तर दिवसाचं अंतर कमी करा. ड्रायव्हरचं जेवण पहिल्या पंगतीला, झोपायची जागा सगळ्यात शांत कोपऱ्यात, सभा चालू असताना त्याने झोपायचं, त्याला माईकचे खांब उभे करायला लावायचे नाहीत. आणि पुढच्या सीटवर जो बसेल त्याने झोपायचं नाही, झोप येत असेल तर मागे जाऊन दुसऱ्याला पुढे पाठवायचं. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी निघायच्या अर्धा तास आधी गोळी घ्यायची, उलटी झाल्यावर नाही.

गळा. तिघेजण बोलणारे ठेवा आणि पाळीने बोला, एक दिवसाआड. घोषणा देणारा वेगळा, भाषण करणारा वेगळा, एकाच माणसाने दोन्ही केलं तर पाचव्या दिवशी त्याचा आवाज बसतोच. चार्जिंगवाला छोटा स्पीकर घ्या आणि माईक तोंडाजवळ धरून साध्या आवाजात बोला, गाव लहान असतं, ऐकू जातं. रात्री मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. शाहिरी करणारा कुणी असेल तर त्याच्यावर सगळा भार टाकू नका, लोकांना गाणं आवडतं म्हणून आपण त्याला दिवसातून पाच वेळा उभं करतो आणि दहाव्या दिवशी त्याचा घसा संपलेला असतो.

खाणं. गावात प्रेमाने करतात, कोकणात कुळथाची पिठी-भात, घाटावर पिठलं-भाकरी, ठेचा, ते खा, निवांत खा, कारण जेवताना जे बोलणं होतं ते सभेत होत नाही. त्रास होतो तो चहाचा. प्रत्येक घरात चहा, दिवसाला पंधरा कप सहज होतात, वर उपाशीपोटी, मग ॲसिडिटी, मग चिडचिड. अर्धा कप मागा, किंवा ताक आहे का विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही. गाडीत शेंगदाणे-गूळ, भडंग, केळी ठेवा म्हणजे स्टँडवरच्या वडापाववर दिवस काढावा लागणार नाही. पाणी उकळलेलं किंवा फिल्टरचं, आणि जुलाब सुरू झालेच तर एक लिटर पाण्यात चहाच्या छोट्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, थोडं थोडं सतत. दिवसभरात थांबेनात, ताप आला किंवा लघवी कमी झाली तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं, उगाच जिद्द नको.

बायकांचं वेगळं लिहिते, कारण वेळापत्रक करणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांच्या ध्यानातच येत नाही. दोन सभांच्या मधे संडास कुठे आहे हे रूटच्या कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे, गावाच्या नावाच्या शेजारी. नाहीतर पोरी काय करतात, पाणीच पीत नाहीत, आणि आठव्या दिवशी दोघी लघवीच्या जळजळीने तापात. आमच्याकडे झालंय हे. प्रत्येक मुक्कामाच्या गावातल्या अंगणवाडी ताईंचा किंवा आशाताईंचा नंबर आधी घ्या, आंघोळीची, कपडे बदलायची सोय त्यांच्या शब्दावर दहा मिनिटांत होते आणि त्याच बायकांना सभेलाही घेऊन येतात. पॅड गाडीतल्या पेटीत ठेवा, कुणाला मागावे लागू नयेत. ज्या दिवशी एखादीला जमत नाही त्या दिवशी ती गाडीत झोपेल, कारण विचारायचं नाही.

सहाव्या-सातव्या दिवशी भांडणं होणार. दरवेळी होतात आणि दरवेळी कारण फालतू असतं, चार्जिंगचा पॉइंट कुणी घेतला, पुढची सीट रोज तोच का, व्हिडिओत मीच का नाही. ते मनावर घेऊ नका, ती झोप बोलत असते. पण एक करा, निघायच्या आधीच एक जत्थाप्रमुख ठरवा जो रस्त्यावरचे निर्णय घेईल, आणि तो सगळ्यात चांगला बोलणारा नको, सगळ्यात शांत डोक्याचा हवा. रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं बसायचं, दिवसाचा हिशेब सगळ्यांसमोर वाचायचा, झोळीत किती आले, डिझेलला किती गेले, पावत्या वहीला टाचायच्या. पैशाचा संशय एकदा शिरला की जत्था मेला. तक्रारी असतील त्या तिथेच बोलायच्या, आणि दहा वाजता जे राहिलं असेल ते उद्यावर.

कुणी म्हणेल २०१८ चा किसान लाँग मार्च बघा, ती माणसं कुठे झोपेचा हिशेब करत बसली. ६ मार्चला नाशिकहून निघाले, साधारण १८० किलोमीटर चालून सायनच्या सोमय्या मैदानात आले आणि दहावीच्या परीक्षेच्या पोरांना त्रास नको म्हणून विश्रांती सोडून रात्रीच उठून चालत १२ तारखेच्या पहाटे आझाद मैदानात पोहोचले. आम्ही त्या रात्री भायखळ्याला पाणी आणि बिस्किटं घेऊन उभे होतो. मी त्या बायकांचे पाय बघितले, चपलेचा तळ निघालेला आणि सुतळीने बांधलेला, टाचेची कातडी सोललेली, आणि तरी थँक्यू म्हणत पाण्याचा ग्लास परत देत होत्या. त्यांच्या पायाची धूळ कपाळाला लावावी अशी ती माणसं. पण नीट बघा, त्यांनी ती एक रात्र झोप सोडली, एका कारणासाठी, सगळ्यांनी मिळून ठरवून. तुम्ही ठरवताय ते अठरा रात्री, आणि कारण एवढंच की वेळापत्रक गच्च भरलंय.

वेळ कुठली निवडायची. कोकणात जूनच्या शेवटापासून भातलावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरला कापणी, तेव्हा दिवसा माणूस भेटत नाही. शिमग्यात पालख्या घरोघरी फिरतात, गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं, त्या दिवसांत सभा ठेवू नका, भेटायला मात्र जा. घाटावर चैत्र-वैशाखात जत्रा. मला विचाराल तर डिसेंबर-जानेवारी सगळ्यात बरं, ऊन नाही, चिखल नाही, फक्त कांबळी जास्त घ्या. मे महिन्याचं एक आहे की मुंबईची पोरं-नातवंडं गावाला आलेली असतात आणि पुढचा पाठपुरावा तीच करणार असतात, पण दुपारी बारा ते चार कुणाला उन्हात बसवू नका.

तयारी गावात जाऊन सुरू होत नाही, ती लालबाग-परळला सुरू होते. अजून कितीतरी गावांच्या खोल्या आहेत, गावकीच्या, जिथे पूर्वी पाळीप्रमाणे माणसं झोपायची, पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच वळकटीवर. तिथे संध्याकाळी जाऊन बसा, त्या गावाच्या मुंबई मंडळाच्या अध्यक्षाला भेटा, गावात कुणाकडे उतरायचं, कुठल्या वाडीत किती कामगार, कोण वारलं, वारस कोण, सगळं तिथे कळतं. दोन महिने आधी हे केलंत तर रोजचे तीन तास वाचतात, आणि ते तीन तास म्हणजेच झोप.

परवानगीचं थोडक्यात. प्रत्येक तालुक्याच्या पोलीस स्टेशनला आठ दिवस आधी लेखी अर्ज, पोच घ्यायची आणि फाइल गाडीत ठेवायची. जमावबंदीचा आदेश चालू आहे का, आचारसंहिता लागलीय का ते विचारायचं. पोलिसांनी थांबवलं तर फाइलवालाच बोलेल, बाकीचे गाडीत बसतील. दमलेल्या माणसाने पोलिसाशी बोलू नये, एक शब्द जास्त जातो आणि अर्धा दिवस स्टेशनात.

आणि बोलायचं काय. गिरणीचा इतिहास सांगू नका, समोर बसलेल्यांनी तो जगलाय, अडीच लाख माणसं संपात होती आणि त्यातलीच ही घरं आहेत. जमिनीचं मात्र सांगा, कारण गावात अर्धवट पोहोचलंय: १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते, एक महापालिकेचा, एक म्हाडाचा आणि एक मालकाचा, मग २००१ ला बदल करून वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती ठेवली म्हणून घरांसाठीची जमीन आटली, आणि २००६ ला सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. एवढं तीन मिनिटांत होतं. मग शेलू-वांगणीचं, म्हणजे मुंबईबाहेर तिथे सरकार देऊ करत असलेल्या घरांचं. हा प्रश्न प्रत्येक गावात येणार, कर्जतच्या लाइनवर घर दिलं तर घ्यायचं का, आणि तुम्ही बाराजण आधी एकमेकांशी बोलून एकच उत्तर ठरवा, दमलेल्या अवस्थेत व्यासपीठावर दोघांनी दोन उत्तरं दिली तर लोक पुन्हा तुमचं ऐकणार नाहीत. माझं मत विचाराल तर मागणी मुंबईतल्याच घराची ठेवा, ज्यांच्या घामावर परळ उभं राहिलं त्यांना वांगणीला पाठवणं मला मान्य नाही, पण एखाद्या म्हाताऱ्याने मी थकलो, मिळेल ते घेतो म्हटलं तर त्याला गद्दार ठरवू नका. त्याच्या जागी बसून बघा.

कागदांसाठी दोन माणसं वेगळी ठेवा, त्यांनी सभेत भाषण करायचं नाही, घोषणा द्यायच्या नाहीत. सभा सुरू व्हायच्या आधीच एका बाजूला चटई टाकून बसायचं. लाल पास, हजेरी पास, तिकीट नंबर, ईएसआय, पीएफची स्लिप, लीव्ह रजिस्टरचा उतारा, सर्व्हिस सर्टिफिकेट, जे असेल त्याचा उजेडात फोटो, आणि १ जानेवारी १९८२ ला किंवा नंतर गिरणीच्या पटावर नाव होतं (घरासाठीची अट तीच आहे) हे कशावरून दिसतं ते वहीत. अर्जदाराचं नाव, गाव, वाडी, वारसाचा मुंबईतला फोन. मूळ कागद कधीही ताब्यात घेऊ नका, कुणी आग्रहाने दिला तरी नाही. आम्ही गाडीत एक पाटी लावली होती, सगळ्यांनी चढताना वाचायची: शेवटी भेटलेल्या माणसाचं नाव लिहिलं का? ते नाव लिहिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी सुरू करत नसे, तो स्वतःच विचारायचा.

परत आल्यावर दोन दिवस कुणालाही काही काम देऊ नका, फक्त कागदवाल्या दोघांनी पहिल्याच दिवशी सगळे फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवायचे. मग महिन्याच्या आत प्रत्येक नावाला एक फोन किंवा पत्र, तुमचे कागद मिळाले, अर्जाचं असं असं चाललंय. साठ-सत्तर वर्षांची माणसं आहेत, ती वाट बघत बसतात.

अजून एक राहिलं, एक मोठी ताडपत्री घ्या. जानेवारीतसुद्धा कोकणात पहाटे दव पडतं आणि बॅनर, वह्या, कागद सगळं ओलं होतं. रूट पक्का झाला की गावांची यादी इथे टाका, ज्या तालुक्यांत माझी ओळख आहे तिथल्या अंगणवाडी ताईंशी मी आधी बोलून ठेवते.